मूळ संशोधकाचे नाव

मुलुंड (पूर्व)
५ ऑगस्ट २०२४

सर्वेश,

श्वेताचा फोन आला होता. "ताई, हे म्हणतात तुमचा कागद मागे घ्या. सत्तावीस सप्टेंबरला शेवटची बैठक आहे." मी "बरं" म्हटलं. ती थांबली. मग म्हणाली, "बरं म्हणजे घेणार की नाही ते सांगा ना. मला आत जाऊन सांगायचंय." मी पुन्हा बरं म्हटलं. तिनं फोन ठेवला. तुझ्या बायकोचा राग नीट ऐकू येतो. ते मला आवडतं.

माझा नंबर तू बंद करून ठेवलास त्याला तीन वर्षं झाली, म्हणून पत्र. मुलुंडहून दहिसरला तीन दिवस लागतात असं पोस्टातली बाई म्हणाली. न उघडताही पत्र फाडता येतं, हे मला ठाऊक आहे.

कागदाविषयी एकदाच सगळं लिहिते. पदवी नसलेल्या माणसांनी घडवलेल्या वस्तूंची अंधेरीची ती संस्था नोंद ठेवते. तू आपल्या घरातल्या, कपड्यांच्या काठीची दोरी धरून ठेवणाऱ्या खिट्टीची नोंद व्हावी म्हणून अर्ज केलास. अर्जात रकाना आहे, 'मूळ संशोधकाचे नाव'. तिथे तू स्वतःचं नाव घातलंस. घरच्या माणसाचं निवेदन लागत होतं. आई लिहायला तयार नव्हती, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी एक ओळ लिहिली: 'माझे वडील कै. सीताराम राऊळ हे या खिट्टीचे मूळ संशोधक होत.' तेव्हापासून तुझा अर्ज वादात आहे. नोंद नाही म्हणून त्यांच्या कार्यशाळेत शिकवायची जागा तुला मिळत नाही, कारण डिप्लोमा नसलेल्याला ती नोंदीवरच मिळते. सत्तावीस तारखेला वादातले अर्ज कायमचे बंद होतील, आणि तू बोरिवलीतल्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत राहशील.

मी ती ओळ का लिहिली, हे तू विचारलं नाहीस. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. गिरणी पाडली होती, घाटकोपरची चाळ पाडली होती. त्यांचं नाव असलेली एकही वस्तू कुठे उरली नव्हती. अख्खी चाळ तिला 'सीतारामाची खिट्टी' म्हणायची. चाळीनं दिलेलं नाव मी लिहिलं.

बाकी ठीक आहे. शब्दकोशाच्या कामात मी 'स'पर्यंत पोचले आहे. 'संशोधक' ही नोंद माझ्याकडे आली आहे. योगायोग आहे, पण अक्षरं क्रमानं येतात, त्याला कोणी काही करू शकत नाही. पहिल्या अर्थाच्या एकशे बारा चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्यांत प्रबंध, मार्गदर्शक, विद्यापीठ. दुसरा अर्थ मी पेन्सिलीनं लिहून ठेवला आहे: पूर्वी नसलेली वस्तू घडवणारा. त्याला एकही चिठ्ठी नाही. लोक वस्तू घडवतात, पण त्यांना कोणी या नावानं हाक मारलेली सापडत नाही.

मग आपल्या घरात या अर्थी काय म्हणत, ते आठवून पाहिलं. आई तुला उपद्व्यापी म्हणायची. बाबा डोकेबाज म्हणायचे, तेही चांगल्या दिवशी. शेजारच्या राधावहिनी शास्त्रज्ञ म्हणायच्या, तू मजल्याचा फ्यूज उडवल्यावर. "आला शास्त्रज्ञ. आता बघा टीव्ही मेणबत्तीवर." मी काय म्हणायचे ते आठवत नाही.

अनुपमा

मुलुंड (पूर्व)
१९ ऑगस्ट २०२४

सर्वेश,

आज राखी. पाठवलेली नाही. तू परत पाठवली असतीस, आणि ती उघडायला आईच बसली असती.

पहिलं पत्र परत आलं नाही. एवढ्यावर हे दुसरं.

अंबादास सर 'संशोधक'वर अडले होते. सर आमचे मुख्य संपादक, मूळचे जालन्याकडचे. शुक्रवारी मी दुसरा अर्थ त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला.

"वापर कुठे आहे?"

"शोधते आहे, सर."

"अनुपमाबाई, आमच्या गावात एकानं मोटेचं चाक असं बसवलं की एका बैलावर काम व्हायचं. गाव त्याला काय म्हणायचं माहितीये? येडा. पन्नास वर्षं येडा. मेल्यावर पण येड्याचं चाकच म्हणायचे. 'येडा'च्या नोंदीत घालता का हा अर्थ?"

आमची सहायक निधी हसली. सर हसले नाहीत. "वापर नाही तर अर्थ नाही. या महिन्यात चिठ्ठी आणा, नाहीतर दुसरा अर्थ काढून टाका."

चिठ्ठी म्हणजे काय ते तुला माहीत आहे. माझ्या पर्समधून त्या सांडायच्या तेव्हा तू गोळा करायचास. वर शब्द, खाली वाक्य, त्याखाली बोलणाऱ्याचं किंवा लिहिणाऱ्याचं नाव, जागा, तारीख. वाक्य आपण बनवायचं नाही. कोणीतरी ते कुठेतरी वापरलेलं हवं. छापताना मात्र माणसांची नावं गाळायची आणि जागी सर्वनाम घालायचं. कोशात माणसं नसतात. हा नियम सरांच्याही आधीचा आहे.

आज सकाळी निधी आनंदानं आली. "मॅडम, सापडली. दुसरा अर्थ, एकदम झकास वाक्य." अंधेरीच्या संस्थेनं वार्षिक अहवाल काढला आहे. त्यात प्रलंबित अर्जांचं पान आहे. त्या पानावरून तिनं सुवाच्य अक्षरात वाक्य उतरवून आणलं होतं. नियमाप्रमाणे नाव गाळलं होतं.

'माझे वडील हे या खिट्टीचे मूळ संशोधक होत.'

निवेदन देणाऱ्याचं नाव अहवालात नव्हतं. चिठ्ठीवर तिनं 'एक मुलगी' एवढंच लिहिलं होतं. सरांनी ते दोनदा वाचलं. "खरं वाक्य आहे. हे कोणी टेबलावर बसून बनवलेलं नाही." माझी पेन्सिल त्यांनी स्वतः शाईनं गिरवली.

मी चिठ्ठीवर क्रमांक घातला. कोशाला वाक्य खरं असावं लागत नाही, वापरलेलं असावं लागतं. हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते.

अनुपमा

मुलुंड (पूर्व)
८ सप्टेंबर २०२४

सर्वेश,

काल गणपती आले. दीड दिवसाचे, तू होतास तेव्हासारखेच. गावाहून दशरथकाका येऊन गेले. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात आणि ते सगळ्यांशी हळू बोलतात. तुझं विचारलं. आई म्हणाली, कामाक गेलो. काका म्हणाले, गणपतीत कसला काम? आई उठून आत गेली.

त्यांनी आमच्या गॅलरीतली कपड्यांची काठी पाहिली. दोरी, कप्पी आणि भिंतीवरची खिट्टी. मी ती चाळ सोडताना काढून आणली होती. ते बोट लावून म्हणाले, "ही सर्व्याची ना?"

मी हो म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, त्यांना ऐकू यावं म्हणून. आईनंही ऐकलं.

आता जे लिहिणार आहे ते मी गेल्या दोन पत्रांत लिहू शकले असते.

दोन हजार तीनचे गणपती. घाटकोपरची खोली, काका असेच आले होते. तू बाहेर आरतीचं ताट घासत होतास. जेवता जेवता काका म्हणाले, "सीताराम, खिट्टी झकास हां तुजी. आमच्याकडे एक लावन दी." बाबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "ती माजी न्हय. सर्व्यान काढल्यान. मी फकत कांडी दिलंय."

मी तेव्हा कोशात नवीन होते. 'क'चं काम चाललं होतं. 'काढणे' या क्रियापदाला नवी वस्तू निर्माण करणे असा एक अर्थ आहे, आणि बोलीतला दाखला आमच्याकडे नव्हता. मी हात धुतले आणि वाक्य जसंच्या तसं उतरवलं. बोलणारा: सीताराम राऊळ, गिरणी कामगार, मालवणी. जागा: घाटकोपर. तारीख. पहिल्या खंडात ते छापलं आहे, चारशे अठराव्या पानावर. पण छापताना नियम लागला. छापलेलं वाक्य असं आहे: 'ती माजी न्हय. त्याणां काढल्यान.'

चारशे अठरावं पान कोणीही उघडू शकतो, आणि त्यात तू नाहीस. मूळ चिठ्ठीवर तू आहेस. ती कार्यालयाच्या तिसऱ्या कपाटात आहे. तीन वर्षांपूर्वी संस्थेसाठी ती ओळ लिहिली, त्या दिवशीही तिथेच होती. मला माहीत होतं. मी त्या कपाटाकडे पाठ करूनच बसते, पण माहीत होतं.

चिठ्ठी नसती तरी काय झालं असतं. मी पाहिलं होतं. आईचा हात मोडला होता, तिला काठी वर ओढून दोरी बांधता येत नव्हती. तू बाबांच्या जुन्या सामानातली गिरणीची सूत गुंडाळायची लाकडी कांडी कापलीस, तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलास आणि फळीवर खिळ्यानं ठोकलीस. खिळा मधोमध न ठोकता कडेला ठोकलास. मी म्हटलं, चुकला. तू म्हणालास, "गप गं." तेव्हा तू बारा वर्षांचा होतास आणि गिरणी बंद पडल्यामुळे बाबा चौदा महिने घरी बसून होते.

अनुपमा

मुलुंड (पूर्व)
१६ सप्टेंबर २०२४

सर्वेश,

आईला सांगितलं, की मी निवेदन मागे घेणार.

ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली. मग म्हणाली, "माका ठावक आसा ती कोणाची. माझो हात मोडललो. माका ठावक नसतला?"

"मग?"

"तरी तेंचा नाव खंय तरी ऱ्हवांदे."

मी म्हटलं, सर्वेशच्या नावात बाबांचं नाव येतंच. सर्वेश सीताराम राऊळ. ती म्हणाली, तां नाव न्हय, ती सवय. तां सगळ्यांच्याच नावात येता.

 मी तुझ्या नोकरीचं सांगितलं. अडतिसाव्या वर्षी लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोस, श्वेता घाबरते, वगैरे. तिनं सूप खाली ठेवलं.

"गो अनू, सर्व्याक आजून धा वस्तू काढूक येतीत. ह्येंका आता काय काढूक गावतला?"

सर्वेश, गेलेल्या माणसाच्या बाजूनं, म्हणजे तुझ्या विरुद्ध, इतकं चांगलं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. मी ते चिठ्ठीवर उतरवलं नाही. उतरवायला हात गेला होता.

रात्रीपासून ती जेवलेली नाही. चहा घेते.

अनुपमा

मुलुंड (पूर्व)
२१ सप्टेंबर २०२४

सर्वेश,

काल सरांकडे मूळ चिठ्ठी मागितली.

ते म्हणाले, "कपाटातली चिठ्ठी बाहेर जात नाही. आजवर गेलेली नाही. कशाला हवी?"

मी सांगितलं. उभ्यानं सांगितलं, सात-आठ वाक्यांत. निधी टाइप करायची थांबली. सरांनी स्वतः उठून तिसरं कपाट उघडलं. खण ओढला, बोटांनी चिठ्ठ्या मागे सारत गेले, आणि ती काढली. एकवीस वर्षांत कागद पिवळा झाला आहे, शाई चांगली आहे. त्यांनी मालवणी वाक्य अडखळत मोठ्यानं वाचलं. मग मला विचारलं, "आणि निधीनं आणलेली ती 'एक मुलगी'?"

"मी."

"खरं आहे ते वाक्य?"

"नाही."

"कोशाला चालतं," सर म्हणाले. "तुम्हाला चालतं का ते सांगा."

मी म्हटलं, ते काढा. ते म्हणाले, "काढलं तर दुसरा अर्थ पडतो. दुसरं वाक्य नाही आपल्याकडे. पानं तीस तारखेला छपाईला चालली. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा मी नसेन. तुम्ही असाल की नाही, सांगता येत नाही."

"काढा, सर."

त्यांनी शाईनं गिरवलेलं शाईनंच खोडलं. छापलेल्या कोशात 'संशोधक' म्हणजे फक्त पदवीसाठी अभ्यास करणारा. वस्तू घडवणारा त्या शब्दातून बाहेर. हे मी केलं. तुला नाव मिळावं म्हणून केलं असं म्हणता येईल, पण तसं म्हणायचं नाही.

चिठ्ठी सरांनी पाकिटात घातली, पाकिटावर कोशमंडळाचा शिक्का मारला. "सत्तावीसला सकाळी न्यायची, संध्याकाळपर्यंत परत आणायची. हरवली तर 'काढणे'चा एक अर्थ जाईल. एका आठवड्यात दोन अर्थ म्हणजे जास्त झालं."

निधी दिवसभर टाइप करत राहिली. निघताना म्हणाली, "मॅडम, मला वाटलं होतं ती मुलगी किती छान असेल."

आई काल संध्याकाळी जेवली. आधी मला वाढलं, मग स्वतः घेतलं. 

अनुपमा

मुलुंड (पूर्व)
२८ सप्टेंबर २०२४

सर्वेश,

काल आपण एका खोलीत दीड तास होतो. त्यामुळे काय झालं ते लिहायची गरज नाही. तरी लिहिते, मला सवय आहे.

तू केस बारीक कापले आहेस. बाबांसारखा दिसतोस असं म्हणणार नाही. दिसत नाहीस.

समितीत चारजण होते. माधुरीबाई विचारत होत्या, बाकीचे लिहीत होते. त्यांनी आधी तुला विचारलं. खिळा मध्यावर का नाही? तू म्हणालास, "मॅडम, मध्यावर ठोकला तर कांडी नुसती गोल फिरणार. काठीच्या वजनानं दोरी वर जायला बघते. कडेला ठोकलेली कांडी फिरता फिरता दोरीच्या अंगावर येते आणि तिला फळीवर दाबते. वजन जेवढं जास्त तेवढी घट्ट." तू टेबलावरच्या पेपरवेटनं दाखवलंस. एकानं विचारलं, "हे तुम्हाला बाराव्या वर्षी कळलं?" तू म्हणालास, "कळलं नव्हतं. चार कांड्या फोडल्या. पाचवी चालली." ते मला माहीत नव्हतं. मी फक्त पाचवी पाहिली होती.

मग माझी पाळी. चिठ्ठी त्यांनी हातात घेतली नाही, पाकिटावर ठेवून वाचली. बाबा ज्यांच्याशी ते बोलले, ते दशरथकाका हयात आहेत का, विचारलं. आहेत म्हटलं. त्यांचा नंबर दिला, आणि मोठ्यानं बोला असं सांगितलं.

"तुम्ही स्वतः पाहिलं होतं?"

"हो."

"मग तीन वर्षांपूर्वीचं निवेदन?"

"खोटं आहे."

"गैरसमजातून लिहिलं, असं लिहू का?" बाई चांगल्या होत्या. मी म्हटलं, नको. माहीत असून लिहिलं, असं लिहा. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास.

निकाल दोन आठवड्यांत कळवतील. बाईंच्या चेहऱ्यावरून मला वाटतं होईल.

नंतर खाली टपरीवर तू दोन चहा सांगितलेस. मी कोरा पिते हे तुला आठवत होतं.  

तू म्हणालास, "चिठ्ठी होती, तर तीन वर्षं काय लोणचं घालत होतीस?"

"हो."

"हो काय, यार. हो काय."

 तू ग्लास ठेवलास. "आई जेवते ना?" जेवते म्हटलं. "मला एक सांग. चाळीत हे बाबांचं म्हणून सुरू कसं झालं? मी तिथेच होतो ना. तुला आठवतं?"

मी म्हटलं, "नाही रे. लोक म्हणायला लागले."

तू मान हलवलीस. तुझी बस आली.

अनुपमा

मुलुंड (पूर्व)
१३ ऑक्टोबर २०२४

सर्वेश,

काल दसऱ्याला श्वेताचा फोन आला. नोंद झाली. मूळ संशोधक, तुझं पूर्ण नाव, दाखला म्हणून चिठ्ठीचा क्रमांक. उद्यापासून कार्यशाळेत शिकवायला जातोस. श्वेता म्हणाली, "शर्ट इस्त्री करून ठेवलाय आणि सारखा बघतायत, जसा काही तोच शिकवायला जाणारे." मी आईला सांगितलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. नंतर विचारलं, "तेंचा नाव खंयच नाय?" मी म्हटलं, मधे आहे. ती म्हणाली, "मधे म्हणजे खंयच नाय." साखर मात्र उचलली नाही.

टपरीवर मी तुला खोटं सांगितलं. समितीपुढे खरं बोलून आल्यावर अर्ध्या तासात. ते लिहायला पंधरा दिवस लागले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की नाव चाळीनं दिलं. शब्द लोकांमध्ये आपोआप रुळत नाही. कोणीतरी तो पहिल्यांदा उच्चारतो. आमचं निम्मं काम ते माणूस शोधण्याचं असतं, आणि बहुतेक वेळा ते सापडत नाही. इथे सापडतं.

तू खिट्टी ठोकलीस त्याच सकाळी राधावहिनी दारात आल्या होत्या. आईनं डाव्या हातानं काठी वर नेली ती त्यांनी पाहिली. म्हणाल्या, "अगंबाई. ही कोणी केली?" तू फळीपाशी होतास, हातोडी हातात. तू तोंड उघडलंस. बाबा उंबऱ्यावर बसले होते. चौदा महिने ते तिथेच बसत, आणि येणारीजाणारी माणसं पाय उचलून त्यांना ओलांडत. वहिनी नुकत्याच तशा ओलांडून आत आल्या होत्या.

मी म्हटलं, "बाबांनी."

वहिनी वळल्या. "काय सांगतेस. सीतारामभावजींनी?" मी म्हटलं, "हो. सीतारामाची खिट्टी." हसत म्हटलं, बाजारातल्या वस्तूसारखं. त्या हसल्या. दुपारपर्यंत मजल्यावर तेच नाव झालं.

त्या वेळी मला दया आली होती असं मी इतकी वर्षं धरून चालले. थोडी आली असेल. पण मी अठरा वर्षांची होते, घरात सगळ्यांत जास्त मार्क माझे होते, आणि आई सकाळपासून तुझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती तसं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. बाबांना मी जे दिलं ते कोणाकडून काढून घेतलं, हे मला बोलतानाच कळत होतं.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, दाखवा की कशी चालते." बाबांनी आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नाही म्हणायला त्यांच्याकडे वेळ होता. ते उठले. गिरणीतून आल्यापासून कोणी त्यांना काही दाखवायला सांगितलं नव्हतं. ते भिंतीपाशी आले, दोरी धरली आणि ओढली. काठी वर गेली, राहिली. मग खाली घ्यायची होती आणि दोरी सुटेना. त्यांनी झटका दिला, अजून घट्ट झाली. वहिनी बघत होत्या. बाबांची मान मागून लाल झालेली मला दिसत होती.

तू हातोडी खाली ठेवलीस. त्यांच्याजवळ गेलास, भिंत आणि ते यांच्या मधे उभा राहिलास, आणि वहिनींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालास, "दोरी जरा खाली, बाबा. आणि अंगठ्यान कांडी बाजूक."

काठी खाली आली. वहिनी म्हणाल्या, वा.

तू बाजूला झालास.

अनुपमा